दात बघून गिटार

बीडमध्ये जुनी गिटार शोधायची तर गिटारच्या दुकानात जाऊन उपयोग नाही. भंगारवाल्याकडं जावं, आणि तेही उन्हाच्या तोंडावर. या दिवसांत लोक माळ्यावरून कूलर खाली काढतात, आणि कूलरच्या मागं वर्षानुवर्षं दडलेल्या वस्तू त्याच्यासोबत उजेडात येतात. फुटकी सुटकेस, देव्हाऱ्यातून निवृत्त झालेल्या तसबिरी, कुणाच्या तरी लग्नातला कळकट फेटा. क्वचित गिटार.

मला ती अशीच दिसली. शिवणयंत्राच्या पायट्यावर उताणी, पोटात वाळ्याच्या काड्या, सहापैकी चार तारा जागेवर. भंगारवाला सांगत होता, "लाकडाला आमच्यात भाव नाही भाऊ. तारा आन् चाव्या धरून पाव किलो लोखंड भरलं, तेवढंच पैसं दिले." मी ती उचलून बघितली आणि तिथंच चुकलो. माझा चेहरा बघून त्यानं अडीच हजार सांगितले. सकाळी पाव किलो लोखंड असलेली वस्तू दुपारी वाद्य झाली होती.

मी मामाला फोन लावला.

मामा गेवराई तालुक्यातला. त्याला गिटारमधलं काही कळत नाही. पण नेकनूर आणि हिरापूरच्या बैलबाजारात त्याचं आयुष्य गेलंय, आणि जुनी वस्तू अनोळखी माणसाकडून घ्यायची कला या जिल्ह्यात त्याच्याइतकी कुणाला येत असेल असं मला वाटत नाही. तो आला, गिटारभोवती एक फेरी मारली, मागं उभं राहून एक डोळा मिटला आणि भंगारवाल्याला पहिलाच प्रश्न विचारला: "खोड काय हाय हिच्यात?"

आता जुनी गिटार ओळखण्याची जगभरची पद्धत अशी की आधी नाव वाचायचं. डोक्यावर कंपनीचं नाव असतं, आणि मधल्या भोकातून आत डोकावलं की पाठीला चिकटवलेली चिठ्ठी दिसते. हिच्या डोक्यावरचं नाव घासून गेलं होतं. आतल्या चिठ्ठीला वाळवीनं न्याय दिला होता; शेवटची तीन इंग्रजी अक्षरं तेवढी शिल्लक. एस, ओ, एन.

"सन," मी वाचलं.

"सन म्हंजे साल," मामा म्हणाला. "पुढचा आकडा खाल्लाय वाळवीनं."

मी समजावून सांगितलं की तसं नाही, इंग्रजीत सन म्हणजे मुलगा, आणि हा एखाद्या नावाचा शेवट असावा. मामानं त्यावरही विचार केला. "मग बापाचं नाव गेलं आन् पोरगं राहिलं म्हण की. उलटं झालं. आपल्याकडं पोरगं जातं पुण्याला आन् बापाचं नाव राहतं सातबाऱ्यावर."

'सन'वर संपणारी नावं थोडी नाहीत. अमेरिकेतली गिब्सन ही त्यातली थोरली पाती. ऑर्व्हिल गिब्सन या कारागिराच्या नावानं १९०२ साली कॅलामाझू गावात ती कंपनी उभी राहिली. तिची जुनी गिटार भंगारात सापडली तर माणसानं नोकरी सोडावी. पण आपल्याकडं कोलकात्याची गिव्हसनसुद्धा आहे. या दोघींचं नातं 'ब' आणि 'व' यांच्यात असतं तेवढंच. तशीच होबनर. जर्मनीत होफनर गिटारी करते, होनर माउथऑर्गन करते, आणि दोघींच्या मधल्या बोळातून आपली होबनर निघते. मी हे हिणवून म्हणत नाही. परदेशी गिटार म्हणजे मुंबईच्या दुकानाच्या काचेत बघायची वस्तू होती, त्या काळात या देशातल्या हजारो पोरांची बोटं पहिल्यांदा सोलली ती असल्याच गिटारींवर. ज्याचं त्याला श्रेय द्यावं.

शिवाय नावावर विश्वास ठेवायचा नाही हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. वरातीत वाजतो तो बेंजो घ्या. अमेरिकेतला बँजो गोल, चामडं ताणलेला. त्याचा आणि आपल्या बेंजोचा सुतराम संबंध नाही. आपला बेंजो मूळचा जपानचा. १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरो नावाच्या गृहस्थानं टाइपरायटरसारख्या कळा तारांवर बसवून ताइशोगोतो तयार केला. तो हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झाला आणि महाराष्ट्रात शिरला तेव्हा कुणी तरी त्याला बेंजो म्हणालं. त्याला पुढं वीज जोडली, भोंगे लावले, टेम्पोवर चढवलं. नागोयाच्या त्या माणसाला बीडच्या सुभाष रोडवर भर लग्नसराईत रात्री दहा वाजता उभं केलं असतं, तर आपलं अपत्य त्यानं ओळखलं नसतं. नवरदेवाच्या मित्रांनी मात्र त्याला नाचवल्याशिवाय सोडलं नसतं.

तर, नाव बाजूला. "दात बघू," मामा म्हणाला.

बैलाचं वय कागदावर नसतं, जबड्यात असतं. दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळला. गिटारच्या मानेवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, सतारवाले ज्यांना पडदे म्हणतील, त्यांवर मामानं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे बघ. पुढचे तीन झिजलेत. पार खाचा पडल्यात. त्याच्या मागचे कोरे करकरीत."

याहून नेमकी तपासणी मी कुठल्या जाणकाराकडूनही ऐकलेली नाही. तार दाबली की पडद्यावर घासते, आणि वर्षानुवर्षं घासली की खाच पडते. ती कुठं पडली यावरून आधीचा मालक काय वाजवत होता ते कळतं. पहिले तीन पडदे झिजलेले म्हणजे हा गृहस्थ सी, जी, डी आणि फार तर ए मायनर या वस्तीबाहेर कधी गेला नाही. पाचव्या पडद्यापुढं त्याचं पाऊल पडलं नव्हतं. बाराव्या पडद्यावर तर कारखान्यातून निघतानाची चकाकी तशीच होती.

आणि त्याचं कारणही मला ठाऊक आहे. त्याचं नाव एफ कॉर्ड. गिटार शिकणाऱ्याला पंधरा दिवसांत तीन कॉर्ड येतात, तो गल्लीत हिरो होतो, आणि मग एफ येते. तर्जनी आडवी करून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी वेगळंच काही धरायचं. तिथं पोरगं थांबतं. गिटार कपाटामागं जाते, तिथून माळ्यावर, माळ्यावरून भंगारात. जगातला जुन्या गिटारींचा सगळा बाजार या एका कॉर्डवर उभा आहे असं माझं ठाम मत आहे.

आमच्या जिल्ह्यात तर तिचा प्रवास आणखीच ठरलेला. पोरगं इंजिनिअरिंगला पुण्याला जातं. दुसऱ्या सेमिस्टरला त्याला एक मुलगी आवडते आणि तिला गाणी आवडतात. जुन्या बाजारात बुधवारी नाही तर रविवारी चक्कर मारून ते गिटार घेतं. यात सिनेमाचाही दोष आहे. 'यादों की बारात'मध्ये १९७३ साली झीनत अमाननं पांढऱ्या कपड्यांत गिटार धरली, १९८० साली 'कर्ज़'मध्ये ऋषी कपूर गिटार घेऊन उभा राहिला, आणि ते ज्यांनी पाहिलं त्यांनी आपल्या पोरांना नकार द्यायचा नैतिक अधिकार कायमचा गमावला. पुढं डिग्री मिळते, मुलगी मिळत नाही, आणि गिटार गावाकडं येते. बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला. त्याआधीची प्रत्येक गिटार एसटीच्या टपावरून नाही तर कुणाच्या तरी मांडीवर बसून आलेली आहे, हे तिच्या अंगावरचे पोचे मोजताना लक्षात ठेवावं.

तसं हा जिल्हा वाद्यांना परका नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला, आणि त्याच तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंनी पखवाज कुठल्या कुठं नेला. गिटारच्या खात्यात मात्र आमची पाटी कोरी आहे. त्यामुळं माझ्या हातात ती बघून रस्त्यावरच्या चार माणसांनी चार नावं घेतली: सतार, वीणा, बेंजो आणि "ते कर्ज़मधलं".

मामा आता पाठीकडं वळला होता. पाठीवर मधोमध बोचकारल्यासारखे आडवेतिडवे ओरखडे. हे पट्ट्याच्या बकलाचे. बसून वाजवणाऱ्याच्या गिटारला ते पडत नाहीत, उभ्यानं वाजवणाऱ्याच्याच पडतात. म्हणजे हा नुसता हॉस्टेलमधला गडी नव्हता; गळ्यात पट्टा घालून कुठल्या तरी मंडपात उभा राहिला असणार. गणपतीत, ऑर्केस्ट्रात, कुणाच्या बारशाला. पट्टा अडकवायला मागं जो गोल खुंटा असतो त्याच्या जागी दाराच्या कडीचा स्क्रू होता. गळ्याशी तारा ज्या पांढऱ्या पट्टीवरून जातात ती हाडाची किंवा प्लास्टिकची असते. इथं दात घासायच्या ब्रशची दांडी तासून बसवली होती आणि 'मेड इन'पर्यंतची अक्षरं तिच्यावर वाचता येत होती. एका चावीचा कान तुटला होता, तिथं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण. ज्यानं हे सगळं केलं त्याला गिटार येत नसेल, पण ती त्याला सोडवत नव्हती.

पोटात काही तरी खुळखुळत होतं. गिटार उलटी धरून हलवत हलवत आत पडलेली वस्तू त्या भोकातून बाहेर काढणं हा जगभरच्या गिटारवाल्यांचा समान व्यायाम आहे. पाच मिनिटांनी एक नखी निघाली, एटीएम कार्डाची कात्रीनं कापलेली. मग सुपारीचं खांड. मग पालीचं वाळलेलं अंडं. मामानं सुपारी ओळखली: "भाजकी हाय. वाजवणारा खात नव्हता, ऐकणारा खात होता."

"कामून?"

"वाजवणाऱ्याची दोन्ही हातं गुंतल्याली. सुपारी टाकणार कधी?"

यापुढं मी तपासाची सूत्रं त्याच्याकडंच सोपवली.

मी आपला फोनवर त्याला जगातल्या विचित्र गिटारी दाखवू लागलो, विषयाची गोडी लागावी म्हणून. अमेरिकेत डोपेरा बंधूंनी आवाज मोठा यावा म्हणून गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमचा पातळ कोन बसवला, काहींचं सगळं अंगच धातूचं केलं. मामा म्हणाला, "बरणीए दुधाची." इटलीतल्या रेकानाती गावच्या एको कंपनीच्या साठच्या दशकातल्या गिटारींवर अ‍ॅकॉर्डियनला लावतात तसलं चकाकणारं प्लास्टिक मढवलेलं. "बांगड्याचं दुकान." त्याच काळातली जपानची टेइस्को, चार-चार पिकअप आणि त्यांना रांगेनं खटके. "मोटारीचा स्टार्टर. तिला थ्री फेज लागंल." मग मी त्याला क्वीन बँडच्या ब्रायन मेची गोष्ट सांगितली. या माणसानं १९६३ साली वडिलांना हाताशी धरून घरीच गिटार करायला घेतली. मानेला जुन्या शेकोटीवरची फळी, तारा हलवणाऱ्या दांड्याला जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा. तीच गिटार घेऊन तो जग फिरला.

मामानं पहिल्यांदाच फोन हातात घेऊन नीट बघितलं. "चुलीवरच्या फळीची?"

"हो."

"म्हंजे आपल्यावाणीच माणूस हाय की."

लाकडाचा प्रश्न निघाला. भोकाची कड बघावी. वरच्या पाटाच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरत असतील तर पाट अखंड लाकडाचा, आणि कडेला आडवे थर दिसले तर प्लायवूड. हिला तीन थर होते, पोळीचे पदर सुटावेत तसे सुटू लागलेले. मान मात्र काळीभोर, शिसमासारखी. शिसम म्हटल्यावर माझा जीव वर-खाली झाला, कारण ब्राझीलनं आपल्या शिसमाच्या ओंडक्यांची निर्यात अडवल्यावर १९६९ साली मार्टिनसारख्या बड्या अमेरिकन कंपनीनं पाठ-कडांसाठी आपल्या हिंदुस्थानी शिसमाकडं मोर्चा वळवला. जगातल्या भारी गिटारींत आपलं लाकूड वाजतं, आणि आपण त्याचे पलंग करून त्यावर घोरतो. मी रुमाल रॉकेलमध्ये भिजवून मान पुसली. रुमाल काळा झाला, मान पांढुरकी.

"बूटपॉलिश," भंगारवाला हळहळून म्हणाला. त्यालाही ती शिसमाचीच वाटली होती.

इथं मामाला सूर सापडला. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, भंगारवाल्याचा हात त्याखाली घेतला आणि दोघं आभाळाकडं बघू लागले. बैलाचा सौदा असाच होतो. तोंडानं आकडा काढायचा नाही, बोटं दाबून सांगायचं. भोवतीच्या गर्दीला कळता कामा नये. भोवती गर्दी नव्हती, मी एकटाच होतो. उपरणं दोन मिनिटं हलत राहिलं. मामाच्या चेहऱ्यावर सुतक, भंगारवाल्याच्या चेहऱ्यावर प्राणांतिक वेदना. शेवटी सातशेला तुटलं, आणि वर भंगारातल्या एका सायकलीची घंटी.

घरी आणल्यावर ती सुरात लावायचा प्रश्न आला. शेजारच्या भजनी मंडळातले पेटीवाले काका आले. त्यांना ई-ए-डी-जी-बी-ई कळेना आणि मला त्यांची भाषा. अखेर पेटीवर बोट ठेवून तह झाला: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, पुन्हा पांढरी तीन. मला वीस वर्षांत कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मग त्यांनी बाराव्या पडद्यावर तार दाबायला सांगितली. हा पडदा बरोबर तारेच्या निम्म्यावर असतो, तिथं तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. काकांनी कान टवकारले. "चढती बाई किंचित. पण स्वभावच तसा असंल तर काय करणार?"

चढण्याचं कारण मामानं काढलं. त्यानं बंदुकीसारखा नेम धरून मानेवरून बघितलं आणि जाहीर केलं, "खांदा आलाय हिचा." जू घासून बैलाचा खांदा येतो तसं. हे शब्दशः खरं आहे. सहा पोलादी तारा सुरात ओढल्या की त्यांचा ताण मिळून सत्तर किलोच्या आसपास जातो. ज्वारीचं एक कट्टं आणि वर वीस किलो, एवढं ओझं घेऊन ही काटकुळी मान माळ्यावर वर्षानुवर्षं उभी होती. चांगल्या गिटारींच्या मानेत आतून लोखंडी सळई असते, किल्लीनं आवळून बाक काढता येतो. हिच्यात ती नव्हती, किंवा असेल तर वाळवीच्या ताब्यात होती. मग मान वाकते, तारा पडद्यांपासून उचलतात, आणि दाबताना जास्त ताणल्या गेल्या की सूर चढतो.

मामानं खांदमळणी केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, तशी. हळद मी कशीबशी थांबवली. तेल मात्र त्यानं जवसाचं आणलं होतं, आणि ते अचूक निघालं. शेंगतेल लाकडावर चिकट राहतं आणि धूळ धरतं. जवसाचं हवेत वाळून घट्ट होतं, म्हणून साहेबलोकही मानेला तेच चोळतात. हे मामाला कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाला, "गाडीच्या जुवाला काय डालडा लावतेत का?"

खरी पंचाईत पुढंच होती. गिटारला हवा दमट लागते, निम्म्याच्या आसपास आर्द्रता. बीडच्या मे महिन्यात ओठ तडकतात तिथं पातळ लाकडाचं काय! यावर साहेबांचा इलाज असा की गिटारच्या खोक्यात ओला स्पंज ठेवायचा. मी साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत स्पंज बसवला, तांब्यातलं पाणी ओतलं आणि डबी तारांमधून पोटात सोडत होतो, तेवढ्यात आजी मागं येऊन उभी राहिली.

"काय करायलास?"

"पाणी देतोय. लाकूड तडकंल नाही तर."

आजीनं दारातल्या रिकाम्या टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "टँकर आठव्या दिवशी यायलाय. लिंबाला पाणी नाही, म्हशीला अर्धी बादली. आन् तू वाळल्या लाकडाला पाजायलास?"

यावर उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तडजोड अशी झाली की गिटार कूलरसमोरच्या भिंतीला टांगायची. माणसांना वारा, तिला ओल, पाणी एकच.

टांगायचा आग्रहही आजीचाच. मी ती कोपऱ्यात जमिनीवर टेकवली होती. सप्ताहात वीणा सात दिवस हातोहात फिरते, खाली ठेवत नाहीत. आजीच्या हिशेबात तारा असलेलं लाकूड जमिनीवर ठेवणं हा एकच गुन्हा, मग लाकूड पंढरीचं असो की भंगारातलं. तेव्हापासून घरात कुणी पाहुणा गिटार खाली ठेवू लागला की आतून हाक येते. एक पुतण्या ती शिकतोय. त्याला सी येते, जी येते. डी जमत आलीय. एफचं नाव मी अजून त्याच्या कानावर पडू दिलेलं नाही.

वाचकांना विनंती दोन. कुणाच्या माळ्यावर अशी गिटार पडली असेल तर ती विकायची तेव्हा विका, पण आज वर चढून तिच्या सगळ्या चाव्या तीन-तीन फेरे सैल करून या. आणि कुणाकडं काळ्या रंगाचा, अंड्याच्या आकाराचा, एका बाजूनं चपटा असा चावीचा कान जादा असेल तर मला हवा आहे. टोपणाला अजून खोकल्याच्या औषधाचा वास येतो.